स्तनशोथ, प्रतिजैविके आणि हिंगोलीची बोली : उपचारभाषेचे एक परीक्षण

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधान परिषदेत सार्वजनिक आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी हिंगोली जिल्ह्याविषयी एक उत्तर दिले. 'संजीवनी' या नावाने ८ मार्च २०२५ पासून जिल्ह्यात स्त्रियांची जी तपासणी हाती घेण्यात आली होती, तिच्यात २,९२,९९६ स्त्रियांची पाहणी झाली असून त्यांपैकी १४,५४२ स्त्रियांत कर्करोगसदृश लक्षणे आढळली, असा त्याचा आशय होता. पुढील तपासणीत तोपर्यंत तिघींना गर्भाशयमुखाचा, एकीला स्तनाचा आणि आठ जणींना मुखाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले होते. मथळ्यांत आला तो चौदा हजारांचा आकडा. बाराचा आकडा मजकुरात खाली राहिला. २०११ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्याची एकूण लोकसंख्या ११,७७,३४५ होती, तेथे जवळजवळ तीन लक्ष स्त्रियांपर्यंत पोहोचणे हे काम लहान नव्हे, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. येथे विचार करावयाचा आहे तो त्या वाक्यातील एका समासाचा आणि त्या समासामागे दडून राहिलेल्या एका रोगवर्गाचा.

'कर्करोगसदृश लक्षण' ही रचना व्याकरणदृष्ट्या उभी राहते, पण अर्थदृष्ट्या लंगडी आहे. लक्षण हे रोगासारखे असू शकत नाही. ते रोगाचे असते, आणि एकच लक्षण अनेक रोगांचे असू शकते. स्तनातील गाठ हे कर्करोगाचे जसे लक्षण, तसेच ते गळवाचे, क्षयाचे आणि निरुपद्रवी तंतुमय वाढीचेही लक्षण होय. तिला 'कर्करोगसदृश' म्हटले म्हणजे अनेक धन्यांपैकी एकाच्याच नावाने सातबारा उतरविल्यासारखे होते. शिवाय 'सदृश' हे पद बोलीत नाही. ऐकणाऱ्या बाईच्या कानी समासाचे पूर्वपद तेवढे पडते, उत्तरपद गळून जाते. हिंगोलीच्या, सेनगावच्या किंवा कळमनुरीच्या एखाद्या घरात त्या बातमीचा अर्थ 'चौदा हजार बायकांना कॅन्सर' असाच लागला असेल, तर दोष ऐकणाऱ्यांचा म्हणता येणार नाही.

चौदा हजार पाचशे बेचाळीसमधून बारा वजा केल्यास जे उरतात त्यांना या भाषेत नाव नाही. त्या सर्वांना स्तनविकारच होता असे अर्थातच नव्हे. तोंडातील चट्टे व अंगावर जाणे अशा तक्रारीही त्यांत असणार. परंतु ज्यांच्या स्तनात गाठ, सूज किंवा स्राव आहे आणि तरीही ज्यांना कर्करोग नाही, अशा स्त्रियांचा एक वर्ग सर्वत्र असतो, आणि त्यातील एका गटाला चिरकारी स्तनशोथ हा विकार असतो. या विकाराचा उपचार बहुतेक वेळा प्रतिजैविकांनी आरंभिला जातो, पुष्कळदा त्यांनीच लांबविला जातो, आणि कधी कधी त्यांनीच बिघडविला जातो. हा सारा व्यवहार बोलण्यातून होतो : काय होते हे बाई सांगते, काय झाले हे वैद्य सांगतो, औषध कसे घ्यावे हे दुकानदार सांगतो. या तीन बोलण्यांत मराठीचे जे होते त्याचे परीक्षण करणे हा या लेखाचा विषय होय.

प्रथम रोगाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कारण ज्याचे नाव तपासावयाचे तो पदार्थ माहीत नसता नावाची चिकित्सा पोकळ ठरते. स्तनाचा शोथ म्हटला म्हणजे बाळंतिणीचे दूध साकळून येणारी सूज प्रथम डोळ्यांसमोर येते. तिचा कारक जंतू बहुधा त्वचेवर व नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा असतो. पेनिसिलिनच्या कुळातील क्लॉक्सासिलिनसारखे औषध दहा ते चौदा दिवस दिल्यास, मूल पाजणे चालू ठेवल्यास आणि पू झालाच तर तो सुईने ओढून काढल्यास ती सहसा ओसरते. हा शोथ तीव्र असतो, चिरकारी नसतो. चिरकारी प्रकार वेगळे आहेत. एक स्तनाग्राजवळच्या नलिकांभोवतीचा. झुस्का आदी तिघा वैद्यांनी १९५१ मध्ये त्यातील वाहत्या नाडीचे वर्णन केले. त्याचा तंबाखूच्या धूम्रपानाशी संबंध आढळतो, त्यात हवेवाचून वाढणारे जंतू असतात, म्हणून मेट्रोनिडॅझोलची जोड द्यावी लागते, आणि तरीही विकृत नलिका काढून टाकल्याशिवाय तो पुष्कळदा थांबत नाही. दुसरा क्षयाचा. सर अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२९ मध्ये त्याची नोंद केली ती गंडमाळेसारखी सूज म्हणून. तिसरा प्रकार सर्वांत चमत्कारिक. केसलर व वोलोक यांनी १९७२ मध्ये त्याला स्वतंत्र स्थान दिले, आणि कारण न कळल्यामुळे त्याच्या नावातच 'अज्ञातहेतुक' असे विशेषण जोडले गेले. बाळंतपणानंतर काही वर्षांच्या आत, तरुण स्त्रीला, एका स्तनात कठीण गाठ येते. ती पिकते, फुटते, वाहते. एक भोक भरते तोवर दुसरे पडते. बाहेरून पाहणाऱ्याला ती कर्करोग वाटते, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला क्षय वाटते, आणि पुष्कळदा ती दोन्ही नसते.

या तिसऱ्या प्रकाराच्या काही रुग्णांत एक जंतू सापडू लागला आहे. कोरिनेबॅक्टेरियम क्रोपेनस्टेटी असे त्याचे नाव. राइनर क्रोपेनस्टेट या शास्त्रज्ञावरून ते दिलेले आहे. १९९८ मध्ये एका फुप्फुसरोग्याच्या थुंकीतून तो प्रथम वेगळा केला गेला, आणि २००२ व २००३ मध्ये न्यूझीलंडमधील संशोधकांनी त्याचा या स्तनविकाराशी संबंध दाखविला. हा जंतू चरबीवर जगतो. प्रयोगशाळेतील नेहमीच्या थाळीवर तो फार सावकाश वाढतो. म्हणून थाळी दोन दिवसांत टाकून दिली तर तो दिसतच नाही, आणि दिसला तरी त्वचेवरचा किरकोळ जंतू म्हणून त्याची बोळवण होते. ऊतीमध्ये तो चरबीच्या रिकाम्या दिसणाऱ्या पोकळ्यांत बसलेला आढळतो. उपचाराचा सारा पेच येथे आहे. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे पाण्यात विरघळणारी. चरबीने भरलेल्या त्या पोकळीत ती पुरेशी पोहोचत नाहीत. प्रयोगशाळेत ज्या औषधाने जंतू मरतो त्याच औषधाने बाई बरी होत नाही. डॉक्सिसायक्लीन, क्लॅरिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन ही औषधे चरबीत शिरतात. ती योजावी लागतात, आणि ती पाच-सात दिवस नव्हे, आठवडेच्या आठवडे आणि प्रसंगी महिने. त्यातही सर्वच रुग्णांत हा जंतू असतो असे सिद्ध झालेले नाही. कित्येकांना स्टेरॉइडचा उपयोग होतो, काहींचा विकार वर्ष-दीड वर्षात आपोआप शमतो. वैद्यांत मतभेद आहेत, आणि ते प्रामाणिक आहेत.

आता नावे पाहू. शास्त्रीय मराठीत या विकाराच्या नावाला तीन पदे लागतात : 'चिरकारी', 'कणार्बुदी', 'स्तनशोथ'. तिन्ही संस्कृत, तिन्ही व्युत्पत्तीने निर्दोष. पण एकेक वाजवून पाहिले पाहिजे. 'चिरकारी' या शब्दाचा मूळ अर्थ सावकाश काम करणारा असा आहे, आणि या रोगाला तो अक्षरशः लागू पडतो. तरी ज्या भाषेत 'जुनाट' हा शब्द जिवंत आहे तिला याची गरज पडावी हे नवलच. 'जुनाट खोकला', 'जुनाट दुखणे' हे हिंगोलीच्या बाजारात कोणालाही कळते. 'शोथ' म्हणजे सूज. त्याच्याऐवजी 'दाह' योजणारे पुष्कळ आहेत, आणि 'स्तनदाह' हा शब्द आरोग्यपत्रिकांत अधिक रूढ आहे. पण दाह म्हणजे जळजळ, आणि या जुनाट विकारात जळजळ गौण असून कठीण गाठ प्रधान असते. ज्या बाईला जळजळ नाही ती 'स्तनदाह' असे शीर्षक असलेले पत्रक आपल्यासाठी नाही असे मानून बाजूला ठेवील. ही भीती काल्पनिक म्हणता येत नाही. शब्दाच्या वाच्यार्थावर विश्वास ठेवणे हा सामान्य वाचकाचा हक्क आहे.

सर्वांत घातक पद 'कणार्बुद' हे आहे. मूळ नामाच्या शेवटी असलेल्या गाठवाचक ग्रीक प्रत्ययाचे ते निष्ठावंत भाषांतर होय. पण मराठीत 'अर्बुद' हा शब्द वाढत्या मांसग्रंथीसाठी, आणि अलीकडे जवळजवळ कर्करोगासाठीच, ऐकू येतो. परदेशी डॉक्टर मूळ शब्द उच्चारताना तो प्रत्यय केव्हाच झिजलेला असतो. त्याच्या रुग्णाला तो स्वतंत्रपणे ऐकू येत नाही. आपण मात्र भाषांतर करताना झिजलेला प्रत्यय पुन्हा ताजा करून ठेवला. जो विकार कर्करोग नाही हे सांगण्यासाठी तुकडा तपासावयाचा, त्याच्या अहवालातच अर्बुद यावे, ही परिभाषाकारांची चूक आहे असे आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली तेव्हापासून मराठी परिभाषेवर जे श्रम झाले त्यांबद्दल कृतज्ञता आहेच. परंतु त्या श्रमांचा वाचक म्हणून अधिकारी आणि प्राध्यापक गृहीत धरला गेला. रोगी गृहीत धरलाच नाही.

हा दोष केवळ संस्कृतप्रेमाचा आहे असेही नाही. हिंगोली १९४८ पर्यंत निजामी राज्यात होती. त्या राज्यात १९१७ मध्ये हैदराबादेस भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले गेले आणि उस्मानिया विद्यापीठासाठी नाना शास्त्रांची परिभाषा उर्दूत सिद्ध झाली. शोथाला तेथे 'वरम' म्हणत. अरबी मुळांतून घडविलेली ती परिभाषा पांडित्यात आपल्या संस्कृत परिभाषेच्या रेसभरही मागे नव्हती, आणि खेड्यातील बाईपासून तितकीच दूर होती. एकाच भूमीवर पन्नास वर्षांच्या अंतराने दोन भाषांनी तोच प्रयोग केला व दोन्हींचा निकाल सारखा लागला, ही गोष्ट भाषानियोजनाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या राजवटीचे जे शब्द मराठवाड्याच्या मराठीत राहिले ते भाषांतर खात्याने घडविलेले नव्हते. 'दवाखाना', 'इलाज', 'नासूर' हे व्यवहारातून आले. त्यातही 'नासूर' हा मोठा नेमका शब्द आहे. जे भरत नाही, वरून मिटते आणि आतून वाहते, ते नासूर. जुनाट स्तनशोथाचे याहून चांगले वर्णन एका शब्दात करणे कठीण. सुश्रुताच्या निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायात विसर्प, नाडी आणि स्तनरोग यांचे विवेचन एकत्र आले आहे. नाडी म्हणजे हेच वाहते भोक. ग्रंथकाराने ते तिघे कोणत्या तत्त्वावर एकत्र बसविले याची चर्चा वैद्यकाच्या इतिहासकारांनी करावी, पण नाडी आणि स्तनरोग यांचा शेजार ज्याने ठेवला त्याने असे रुग्ण पाहिले असावेत असे वाटते.

आता बाई काय म्हणते ते पाहू. 'स्तन' हा शब्द ती उच्चारत नाही. त्याचाच प्राकृतातून उतरलेला 'थान' हा शब्द मराठीत जुना आणि साधा आहे, पण शहरी सभ्यतेने तो ग्राम्य ठरविला. राहिले दोन आडपडदे : 'अंग' आणि 'छाती'. 'अंग' या शब्दाची मराठीतील अर्थव्याप्ती पाहण्यासारखी आहे. मूल अंगावर पिते तेव्हा अंग म्हणजे स्तन. अंग बाहेर येते तेव्हा अंग म्हणजे गर्भाशय. अंगावर जाते तेव्हा अंग म्हणजे योनी. आणि दुखणे अंगावर काढतात तेव्हा अंग म्हणजे सारा देह, सारे सोसणे. स्त्रीच्या ज्या ज्या अवयवाचे नाव घ्यावयाचे नाही तो तो अवयव या एका शब्दात येऊन बसला आहे. लज्जेने आखलेला हा शरीराचा नकाशा आहे, आणि त्यावर गावांची नावे लिहिलेली नाहीत. 'अंगावर काढणे' हा वाक्प्रचार पुरुषही योजतात. परंतु ज्या दुखण्याचे नावच अंगात लपलेले ते अंगावर काढणे स्त्रियांच्या वाट्याला अधिक येते.

'छाती' या शब्दाने दुसराच घोटाळा होतो. तो पुरुषालाही लागू असल्यामुळे सभ्य मानला गेला, आणि आज आशाताईंच्या तोंडून, परिचारिकेच्या तोंडून, पत्रकांतूनही स्तनासाठी तोच येतो. परंतु 'छाती दुखते' म्हटले की वैद्य हृदय पाहतो. 'छातीत गाठ' म्हटले की फुप्फुसाचा विचार येतो. आणि 'छातीचा टी.बी.' म्हणजे मराठीत फुप्फुसाचा क्षय, हे तर पक्के ठरलेले आहे. मग स्तनाच्या क्षयाला काय म्हणावयाचे? ज्या बाईला स्तनाचा क्षय झाला तिला 'छातीचा टी.बी.' असे सांगितले गेले तर ती खोकला शोधत बसते. खोकला नाही, थुंकीत काही नाही, तेव्हा निदान चुकले असे घरचे म्हणतात, आणि सहा महिने घ्यावयाचे औषध दुसऱ्या महिन्यात थांबते. उलट, ज्या बाईला क्षय नाहीच, तिच्या तुकड्यात क्षयासारख्या पेशी दिसल्या म्हणून क्षयाची औषधे सुरू होतात, ही गोष्ट आपल्या देशात वारंवार घडते. क्षय सर्वत्र असलेल्या देशात वैद्याचा कल तसा असणे समजण्यासारखे आहे. त्या औषधांत रिफॅम्पिसिन असते. ते चरबीत शिरते. वर सांगितलेला जंतू असल्यास त्यालाही ते लागू पडते. बाईला आराम पडतो आणि क्षयच होता असे सिद्ध झाल्यासारखे वाटते. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हा अनुमानाचा दोष आहे. पण एखाद्या घरात 'टी.बी. झालेली' हे विशेषण सुनेला कायमचे चिकटते, तेव्हा तो तर्कशास्त्रापुरता राहत नाही.

नामांत इतकी गरीब असलेली ही बोली क्रियापदांत मात्र श्रीमंत आहे. गाठ येते, ठणकते, पिकते, फुटते, वाहते, चिघळते, भरते, बसते, पुन्हा उमळते. पिकून फुटलेली आणि न पिकता बसलेली गाठ यांतील भेद कोणतीही म्हातारी सांगेल. जुनाट स्तनशोथ हा एका क्षणाचा विकार नाही, तो एक क्रम आहे. क्रम सांगावयाचा तर क्रियापद लागते. शास्त्रीय मराठी नामप्रधान झाल्यामुळे तिला अवस्था सांगता येते, ओघ सांगता येत नाही. 'पूयुक्त स्राव आहे काय?' या प्रश्नापेक्षा 'गाठ फुटून वाहते का? भरली की दुसरीकडे फुटते का?' हा प्रश्न अधिक शास्त्रीय आहे, कारण त्याच्या उत्तराने तीव्र आणि चिरकारी यांतला फरक कळतो. सोपा प्रश्न अशास्त्रीय असतो ही समजूत आमच्या विद्यापीठीय वर्तुळात फार खोल गेली आहे.

एका शब्दाचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. गाईम्हशींच्या कासेला येणाऱ्या याच जातीच्या विकाराला शेतकरी 'दगडी' म्हणतात. कास दगडासारखी होते म्हणून दगडी. पशुवैद्य तिला 'कासदाह' म्हणतो, पण शेतकऱ्याचा शब्द हटलेला नाही, आणि हटणारही नाही. सडातून औषधाची नळी सोडणे, ती सांगितले तितक्या वेळा सोडणे, मध्येच थांबविल्यास कास कायमची जाते, हे सारे त्या घरातील माणसांना ठाऊक असते. म्हणजे प्रतिजैविकाचा उपचार अर्धा सोडू नये हे ज्ञान गोठ्यात आहे. ते माजघरापर्यंत आले नाही याचे एक कारण असे की गोठ्यातल्या रोगाला उघड नाव आहे, माजघरातल्या रोगाला नाही. म्हशीच्या कासेविषयी घरातील पुरुष चारचौघांत बोलतो.

'प्रतिजैविक' या शब्दाकडे आता वळू. मूळ इंग्रजी संज्ञा आजच्या अर्थाने वाक्समन यांनी १९४२ च्या सुमारास रूढ केली. मराठी विश्वकोशाने 'प्रतिजैव पदार्थ' अशी नोंद स्वीकारली. वर्तमानपत्रांनी 'प्रतिजैविके' पसंत केले. दोहोंतही मुळाचा शब्दशः अनुवाद आहे आणि दोहोंतही तोच दोष आहे : जीवाविरुद्ध, पण कोणत्या जीवाविरुद्ध? जंतू हा या औषधाचा विषय. शब्दात जंतूच नाही. 'प्रतिजन', 'प्रतिपिंड', 'प्रतिजैविक' असे तीन शेजारी एकाच उपसर्गाने उभे केल्यावर विद्यार्थ्यालाही गोंधळ होतो. त्यात आणखी एक अडचण गेल्या काही वर्षांत उद्भवली. 'जैविक खत', 'जैविक शेती', 'जैविक कीडनियंत्रण' हे शब्द शेतकी प्रचारामुळे हिंगोलीच्या हळद-उत्पादकाच्या तोंडी बसले आहेत, आणि त्यांत जैविक म्हणजे निसर्गाचे, निरुपद्रवी, चांगले. मग प्रतिजैविक म्हणजे त्याच्या उलट, हा अर्थ ओघानेच निघतो. वास्तविक पहिली प्रतिजैविके बुरशीपासून व मातीतील जीवांपासून मिळाली. त्यांच्याइतकी जैविक वस्तू दुसरी नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये सरकारी पेनिसिलिनचा कारखाना स्थापन झाला तेव्हा त्याला 'हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स' असेच नाव दिले गेले. त्या काळच्या कारभाऱ्यांनी शब्द न घडविण्याची जी समजूत दाखविली तिचे आम्ही स्वागतच करतो. बोलीने स्वतःची सोय केलेली आहे : 'अँटिबायोटिक', आणि त्याहून अधिक 'पावरची गोळी'.

या 'पावर' शब्दात मात्र धोका आहे. पावर ही कमी-अधिक असते, वेगळ्या जातीची नसते. एका गोळीने गुण आला नाही की अधिक पावरची गोळी मागावयाची, ही कल्पना या शब्दातूनच येते. आणि जुनाट स्तनशोथात प्रश्न पावरचा नसतोच, तर औषध चरबीत पोहोचते की नाही याचा असतो. पेनिसिलिनच्या कुळातील एकापेक्षा एक भारी औषध देत गेले तरी ते त्या पोकळीच्या दाराबाहेरच राहील. येथे मराठीत सांगावयाचे ते असे : 'हे औषध भारी नाही, ते चरबीत मुरणारे आहे, म्हणून दिले.' 'मुरणे' हे क्रियापद लोणच्यामुळे घरोघर माहीत आहे, आणि त्यात काळाचीही कल्पना आहे. मुरायला दिवस लागतात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

काळाच्या या कल्पनेसाठी मराठीत आणखी एक साधन तयार आहे आणि ते आरोग्यशिक्षणाने वापरलेले नाही. आपण 'उतार पडणे', 'गुण येणे' आणि 'बरे होणे' असे तीन वेगळे प्रयोग करतो. उतार म्हणजे जोर कमी होणे. गुण म्हणजे औषध लागू पडल्याची खूण. बरे होणे म्हणजे दुखणे संपणे. या तिघांची सरमिसळ बोलीत होत नाही. 'उतार पडलाय, पण अजून बरं नाही' हे वाक्य कोठेही ऐकू येते. पत्रके मात्र 'बरे वाटले तरी औषध थांबवू नका' असे लिहितात, आणि 'बरे वाटणे' व 'बरे होणे' यांतील अंतर एका क्रियापदावर सोपवितात. 'उतार पडला म्हणून गोळी सोडू नका' असे लिहिले असते तर मजकूर छोटाही झाला असता आणि अचूकही. 'कोर्स' हा शब्द ठेवावा. तो रुळला आहे आणि त्याला आरंभ व शेवट आहे. 'डोस' विषयी आम्ही इतके खात्रीने सांगत नाही, कारण मराठीत डोस पाजला जातो तो बहुधा उपदेशाचा.

औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंविषयी बोलताना बोलीचे व्याकरण मात्र फसते, हेही मान्य केले पाहिजे. 'शरीराला गोळीची सवय झाली' असे लोक म्हणतात. या वाक्यात सवय होणारा शरीर आहे. वस्तुतः निर्ढावतो तो जंतू. कर्ता चुकल्यामुळे उपायही चुकतो : सवय मोडावी म्हणून काही दिवस गोळी बंद ठेवणे, किंवा शेजारणीची गोळी चालविणे, कारण तिच्या शरीराची सवय वेगळी. शासनाने २०१६ मध्ये अशा औषधांच्या पाकिटावरील लाल रेघ ओळखण्याची मोहीम काढली. रेघ ही भाषेवाचून बोलणारी खूण आहे, म्हणून उपयुक्त; परंतु रेघेचा अर्थ शेवटी शब्दांतच सांगावा लागतो, आणि तेथे 'प्रतिरोध' हा शब्द पुरेसा नाही. 'जंतू निर्ढावतात' हे मराठी आहे.

जिल्ह्यातील सर्वांची मातृभाषा मराठी नाही, ही गोष्ट अशा विवेचनात विसरली जाते. तांड्यांवर गोरबोली आहे, वसमत-हिंगोलीच्या मोहल्ल्यांत दखनी-उर्दू आहे. त्या स्त्रियांना मराठीतील पत्रक हे अगोदरच परके. त्यात संस्कृत समास म्हणजे परक्यातले परके. तेथे काय शब्द आहेत, लज्जेने कोणते आडपडदे घातले आहेत, फुटणे-वाहणे-भरणे यांना कोणती क्रियापदे आहेत, याची नोंद होणे अवश्य आहे. हिंगोलीला ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आणि ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात हा जिल्हा येतो त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भाषांचे अध्ययन होते. या दोन संस्थांतील अंतर तासा-दोन तासांचे आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने रुग्णाची हकीकत तिच्याच शब्दांत, भाषांतर न करता, लिहून घ्यावी, आणि भाषेच्या विद्यार्थ्याने त्या हकीकतींची सूची करावी, एवढ्याने एका वर्षात असा शब्दसंग्रह होईल की ज्याची बरोबरी कोणताही परिभाषाकोश करू शकणार नाही.

तोपर्यंत तपासणीच्या पुढच्या फेरीसाठी निदान काही शब्द बदलता येतील. 'कर्करोगसदृश लक्षणे' याऐवजी 'आणखी तपासणी लागणारी तक्रार' म्हणावे. आकडा तोच राहील, भीती राहणार नाही. 'छाती' ऐवजी 'थान' म्हणावे, आणि म्हणणारीने ते न लाजता म्हणावे. एकदा सरकारी कागदावर आला की शब्दाचा गावठीपणा जातो, हा अनुभव इतर शब्दांबाबत आलेला आहे. गाठ किती दिवसांची, पिकली का, फुटली का, भरून पुन्हा आली का, शेवटचे मूल किती वर्षांचे, कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, हे विचारावे. हळदीचा लेप लावला का, हेही विचारावे. वसमतच्या हळदीच्या मुलखात तो लावला गेला नसेल असे संभवत नाही, आणि त्याविषयी नाक मुरडल्यास बाई पुढचे काही सांगणार नाही. गोळ्यांचा एक कोर्स पुरा होऊनही लाली आणि कठीणपणा हटला नसेल तर दुसरा कोर्स देण्याआधी तुकडा तपासावा लागतो. कारण कर्करोगाचाही एक प्रकार सुजेच्या रूपानेच येतो. हे सांगताना 'तुकडा काढला की रोग पसरतो' या समजुतीला उत्तर तयार असले पाहिजे, आणि ते उत्तरही 'पसरत नाही' या दोन शब्दांत, प्रथम, द्यावे, कारणे मागाहून.